भाट्ये खाडीसाठी सपाट तळाची अ‍ॅल्युमिनियमची होडी: 36 इंची की 42 इंची?

दोन्ही होड्या 12 फुटी. एकीचा तळ 36 इंच रुंद आणि जोड रिव्हेटचे (म्हणजे पत्रे ठोकलेल्या खिळ्यांनी जोडलेले), दुसरीचा तळ 42 इंच, वेल्डिंगची, वजनाला जरा जड. दोघांनी रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीत गळाने मासे मारायचे आणि मागे 5 एचपीचं इंजिन लावायचं, असं तुम्ही लिहिलंय. दोघं जाणार असाल तर रुंद घ्या. रिव्हेट की वेल्डिंग हा वाद नंतरचा.

लांबी तीच ठेवली तर होडीचं पाण्यावरचं स्थैर्य साधारण रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतं. त्यामुळे सहा इंच ऐकायला किरकोळ वाटले तरी हिशेबात फरक दीडपटीहून जास्त पडतो. गळाला तांबोशी मासा लागला की दोघेही एकाच काठाकडे झुकतात, तेव्हा तो कळतो. मात्र माप तळाचं घ्या, वरच्या काठाचं नको. वरून रुंद दिसणारी होडी खाली निमुळती असू शकते, म्हणून टेप सोबत न्या.

एकटेच जाणार असाल आणि होडी दरवेळी घरी आणायची असेल, तर मात्र हलकीच बरी. ओहोटी लागल्यावर गुडघाभर चिखलातून जड होडी ओढायची म्हणजे कंबरडं मोडतं.

आता जोडांचं. वेल्डिंगची होडी गळत नाही म्हणून चांगली, असं सगळेच सांगतात. खरं आहे, पण ती कातळावर आपटून चिरली तर आर्गन वेल्डिंगवाला गाठावा लागतो, आणि अ‍ॅल्युमिनियमला हात लावणारा गावोगाव मिळत नाही. रिव्हेट ढिला झाला तर तो ठोकून बसवता येतो किंवा बदलता येतो. जुनी रिव्हेटची होडी बघायला गेलात तर ती पाण्यात सोडून बघू नका. जमिनीवर दोन ओंडक्यांवर नीट टेकवा, आत चार बोटं पाणी भरा आणि खाली वाकून बघा. ज्या रिव्हेटखाली थेंब धरतो तो गेलेला. सगळ्यांत आधी मधल्या बाकाखालची रांग तपासा.

खाऱ्या पाण्याचा खरा शत्रू म्हणजे तांबं. लाकडी होडीला लावायचा तांब्याचा रंग अ‍ॅल्युमिनियमला अजिबात फासू नका, पत्र्याला भोकं पडतील. तळात पडलेला वायरचा तुकडासुद्धा ओल्या मिठात तेच काम करतो. आत प्लायवूडची फळी टाकणार असाल तर ती तांब्याच्या औषधाने मुरवलेली नाही ना, हे विचारून घ्या. आणि घरी आलं की विहिरीच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायची, बाकांखालीसुद्धा. तिथला फोम काढून बघता आला तर बघाच. होडी पाण्याने भरली तर तोच तिला वर धरतो, पाणी प्यालेला असेल तर नुसतं ओझं.

दोन्हींपैकी कुठलीही घेतलीत तरी खाडीच्या मुखाबाहेर जाऊ नका. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, आणि ओहोटीचं पाणी त्याच्या तोंडावर बाहेर पडत असेल तर मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. सपाट तळ अशा लाटेवर चढत नाही, धाडधाड आपटतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर नकोच.

इंजिन घ्यायच्या आधी मागच्या फळीची उंची मोजा. 15 इंच असेल तर आखूड शाफ्टचं (शाफ्ट म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंतचा दांडा) इंजिन, 20 इंच असेल तर लांब शाफ्टचं. आखूड फळीवर लांब शाफ्ट लावला तर ओहोटीला पंखा चिखलात रुततो. इंजिन लावलं की नोंदणीचा प्रश्न येतो, त्यासाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आधीच विचारून या. दोन लाइफ जॅकेटं त्याच दिवशी घ्या.