भारतनेटचा डबा भिंतीवर आहे, मग इंटरनेट का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ग्रामपंचायतींना फायबर केबलने इंटरनेट देणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेचा डबा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाच वर्षांपासून आहे, सरकारी नोंदीत गाव ‘सर्व्हिस रेडी’ आहे, पण दाखला काढायचा तर संगणक परिचालक स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो. आता पुन्हा १ लाख ३९ हजार कोटी मंजूर झाल्याचे ऐकले. हा पैसा येतो कुठून, मुरतो कुठे आणि या खेपेला काही वेगळे होणार का?

मी सोळा वर्षे फायबरच्या देखभालीत काढली. जमिनीखालची केबल कुठे तुटली ते शोधायचे, खणायचे, जोडायचे, हेच काम. त्यामुळे मी हे सगळे खड्ड्यात उभे राहून पाहिलेले आहे, आणि उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी पैशाचे. हा पैसा तुमच्या-माझ्या रिचार्जमधूनच जातो. दूरसंचार कंपन्या सरकारला समायोजित सकल महसुलाच्या, म्हणजे एजीआरच्या, ८ टक्के परवाना शुल्क देतात, त्या आठातले पाच टक्के ग्रामीण आणि दुर्गम भागासाठी असतात. १९९९ च्या दूरसंचार धोरणात ही कल्पना आली, १ एप्रिल २००२ पासून निधी सुरू झाला आणि २००३ च्या कायद्यातील दुरुस्तीने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. नाव होते युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तो ‘डिजिटल भारत निधी’ झाला. यातली एक गोष्ट लोकांना माहीत नसते. कंपन्यांनी भरलेली रक्कम थेट या निधीत पडत नाही. ती भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीत, जाते आणि संसद मंजुरी देईल तेवढी तिथून इकडे येते. म्हणजे गावांच्या नावाने जमा झालेला रुपया त्याच वर्षी गावासाठी खर्च होईलच असे नाही. ही आकारणीच बंद करा असे अधूनमधून कुणी म्हणते, ते मला अजिबात पटत नाही. जिथे कंपनीला नफा नाही तिथे केबल नेण्यासाठी दुसरा हक्काचा पैसा आपल्याकडे नाही.

आता खर्चाचे. ऑक्टोबर २०११ मध्ये मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. सुमारे २० हजार कोटी रुपये, अडीच लाख ग्रामपंचायती आणि प्रत्येकीला १०० एमबीपीएस. २०१२ मध्ये त्यासाठी भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड (बीबीएनएल) ही वेगळी सरकारी कंपनी काढली. प्रत्यक्ष खोदकाम बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड या सरकारी कंपन्यांकडे दिले. २०१५ मध्ये नाव भारतनेट झाले. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती २०१७ च्या डिसेंबरात पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी दुसरा टप्पा आला, त्यात महाराष्ट्रासारख्या काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. आपल्याकडचे ‘महानेट’ ते हेच. २०२१ मध्ये १६ राज्यांसाठी खासगी भागीदारीचा मार्ग काढला, केंद्राने १९,०४१ कोटींची तूट भरून द्यायची तयारी ठेवली, तरीही तो मार्ग पुढे सरकला नाही. २०२२ मध्ये बीबीएनएल बीएसएनएलमध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तुम्ही म्हणता तो १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला.

इतक्या वर्षांत मोजले काय गेले? किती किलोमीटर केबल पुरली आणि किती ग्रामपंचायती ‘सर्व्हिस रेडी’ झाल्या. हा शब्द नीट समजून घ्या. केबल पोहोचली, डबा बसला, एकदा चाचणी झाली, की गाव त्या रकान्यात जाते. आज सकाळी तिथे इंटरनेट चालू आहे का, हे त्यातून कळत नाही. केबल टाकायला पैसा होता, ती रोज जिवंत ठेवायला त्या मानाने फार थोडा होता, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

एक प्रसंग सांगतो. पावसाळ्याचे दिवस, एका मार्गावरच्या चार ग्रामपंचायती एकदम बंद. तालुक्याच्या टोकाला ओटीडीआर लावला. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडते आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तुटल्याची जागा किती लांब आहे ते सांगते. आकडा आला ६ किलोमीटर २१० मीटर. पण ही लांबी केबलची असते, रस्त्याची नव्हे. वाटेत प्रत्येक चेंबरमध्ये दहा-वीस मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते, ती वजा करायची तर मार्गाचा नकाशा लागतो. नकाशा जुना, आणि मधल्या काळात रस्ता रुंद झालेला. मार्ग दाखवणारे सिमेंटचे खांब त्यातच गेले होते. आम्ही दीड किलोमीटर चिखल तुडवत गेलो, तेव्हा एका शेताच्या बांधाजवळ ताजी माती दिसली. नळयोजनेच्या पाइपसाठी जेसीबी लावलेला. केबल १६५ सेंटिमीटर खोल असावी असा नियम. तिथे ती जेमतेम गुडघाभर खोल होती.

जोडकामाच्या यंत्राला ओलावा आणि धूळ चालत नाही. प्लॅस्टिकचा कागद चार काठ्यांवर ताणला, गाडीच्या बॅटरीवर दिवा लावला. २४ फायबर, प्रत्येकाचा रंग पाहायचा, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी; आवरण काढायचे, स्पिरिटने पुसायचे, सरळ काप द्यायचा, मग यंत्र दोन टोके समोरासमोर आणून ठिणगीने वितळवते. केसाएवढ्या काचेवर बोटाचा ठसा राहिला तरी जोड वाया जातो. तिथे तीन तास गेले. चारपैकी तीन गावे लागली, चौथे काही लागेना. तिथे गेलो तर फायबरमध्ये प्रकाश व्यवस्थित येत होता, डबाच मेलेला. बिल थकल्यामुळे ग्रामपंचायतीच्या कार्यालयाचे मीटर तोडलेले होते. बॅटरी कधीच फुगून निकामी झाली होती. त्या गावातल्या मुली परीक्षेचे अर्ज भरायला नऊ किलोमीटरवरच्या सायबर कॅफेत जात होत्या, आणि त्यांच्या शाळेच्या शेजारच्या भिंतीवर उजेड येऊन थांबला होता. हे मला अजून विसरता आलेले नाही.

दुसरा मोठा दोष आखणीतला. पहिल्या टप्प्यात अनेक ठिकाणी तालुक्यापासून जुनीच केबल वापरली, तिच्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतचा तेवढा नवा तुकडा टाकला. झाडाच्या फांदीसारखी रचना. फांदी बुंध्याशी तुटली की पुढची सगळी पाने जातात. सुधारित कार्यक्रमात रिंग आहे. गावाकडे दोन बाजूंनी वाट येते, एक तुटली तर दुसरीकडून वाहतूक चालू राहते. शिवाय तालुक्यात आणि ग्रामपंचायतीत राउटर, वीज गेल्यावर चालणारा बॅकअप, तुटफूट दुरून कळवणारी देखरेख यंत्रणा आणि १० वर्षांची देखभाल, हे सगळे आता त्याच कामात धरलेले आहे. जो बांधेल त्यानेच सांभाळायचे, हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पूर्वी खोदणारा बिल घेऊन गेला की केबल किती खोल आहे याच्याशी त्याचा संबंध संपायचा. आता तीच केबल त्याला पुढची दहा वर्षे जोडत बसावी लागेल.

म्हणून या वेळी मला आशा आहे, पण डोळे मिटून नाही. रिंग कागदावर सोपी असते. दोन्ही वाटा एकाच चरातून नेल्या तर जेसीबीचा एकच घाव दोन्ही तोडतो, आणि आपल्याकडे डोंगरी तालुक्यांत दुसरा रस्ताच नसतो, तिथे हा मोह होणारच. दुसरे, रस्ते, पाणी, वीज आणि केबल यांची खाती एकमेकांना न सांगता खणतात. खोदण्याआधी माहिती द्यावी म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आले, रस्ता खोदण्याच्या परवानगीचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. गावातल्या जेसीबीवाल्याला मात्र यातले काही ठाऊक नसते. त्याला काम देणाऱ्या ग्रामपंचायतीनेच ते सांगायला हवे.

आणखी एक मुद्दा वाड्या-वस्त्यांचा. कार्यक्रमात २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती आहेत. ग्रामपंचायतीचे ठिकाण नसलेली सुमारे ३ लाख ८० हजार गावे ‘मागणीनुसार’ जोडायची आहेत. मागणी केली नाही तर केबल येणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ. तुमचे गाव गट ग्रामपंचायतीत असेल तर हे फार महत्त्वाचे. घराघरापर्यंतची जोडणी स्थानिक उद्यमीमार्फत होणार आहे, त्याला महसुलात वाटा मिळतो. हा माणूस गावातला, शिडी घेऊन दहा मिनिटांत येणारा असेल तरच ही व्यवस्था टिकेल. ग्राहक मिळाले नाहीत तर तो वर्षभरात दुसरे काम पाहील, त्यामुळे शाळा, आरोग्य उपकेंद्र, दूध संस्था यांनी सुरुवातीलाच जोडण्या घेतलेल्या बऱ्या.

आता तुमच्या डब्याचे. आधी वीज येते का पाहा. मग डब्यावर पॉन (PON) असे लिहिलेला दिवा स्थिर हिरवा आहे का ते बघा. असेल तर फायबर धड आहे आणि बिघाड पुढे कुठेतरी, उपकरणात किंवा सेटिंगमध्ये. एलओएस (LOS) असे लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर वाटेत तुटले आहे. त्या पिवळ्या वायरीला हात लावू नका, वाकवू नका, तिच्या टोकात डोळा घालून तर मुळीच पाहू नका.

तक्रार ग्रामसभेच्या ठरावाने करा, तोंडी नको. सोबत माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा : आपली ग्रामपंचायत सर्व्हिस रेडी दाखवल्याची तारीख, गेल्या १२ महिन्यांत सेवा किती दिवस बंद होती आणि देखभालीचे कंत्राट कुणाकडे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला बहुधा अपील करावे लागेल, ते कराच. बॅटरीसाठी ग्रामपंचायत विकास आराखड्यात तरतूद करायला सांगा. वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामाला राखलेला, असतो, त्यामुळे उरलेल्या अबंधित भागात ही बाब बसते का ते ग्रामसेवकांशी बोलून घ्या. ती रक्कम मोठी नसते.

आणि नव्या कामाच्या सर्व्हेला माणसे आली की गावातल्या दोघा-तिघांनी त्यांच्यासोबत चालावे. ओढा कुठे फुगतो, नळाची लाइन कुठून जाते, रस्ता पुढे कुठे रुंद होणार आहे, हे तुम्हाला माहीत असते, त्यांना नसते. रिंगच्या दोन वाटा कोणकोणत्या रस्त्याने येणार ते विचारा आणि लिहून घ्या. चर खणला जाईल तेव्हा एकदा टेप घेऊन खोली मोजा.

डब्यावर कोणता दिवा लागतोय ते कळवा, पुढचे त्यावरून सांगतो.