जहाज सुटणारच आहे, मग आपण का नको?

"सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत. तिन्ही भावांनी मिळून क्रूझ ठरवली, तीन देशांतून अकरा माणसं येणार. आमची पंधरा वर्षांची लेक म्हणते, ते जहाज समुद्र घाण करतं, मी येणार नाही. सासूबाई रुसल्यात. हिला समजवायचं कसं?"

ताई, समजूत नक्की कुणाची काढायची, ते आधी बघू. जहाजाबद्दल लेक बोलते ते खरं आहे.

क्रूझ म्हणजे तरंगतं गाव. बंदराला लागल्यावर किनाऱ्यावरून वीज मिळाली नाही, तर दिवे आणि एसी चालवायला इंजिनं धडधडतच राहतात. जहाजाच्या इंधनातल्या गंधकावर २०२० पासून जगभर ०.५० टक्क्यांची मर्यादा आहे, त्याआधी ३.५० टक्के चालायचं. युरोपात गाडीच्या डिझेलला ०.००१ टक्काच मुभा आहे. शिवाय धूर धुणारं यंत्र बसवलं, की जुनं जाड तेल जाळता येतं. ते धुतलेलं आम्लयुक्त पाणी बहुधा समुद्रातच जातं. मी स्वतः अशा जहाजावर सात दिवस काढलेत, मजाही आली. पण एका सकाळी डेकवरच्या पांढऱ्या खुर्चीवरून हात फिरवला, तर बोटांना काजळी लागली. सहप्रवासी म्हणाले, टॉवेल टाका आणि बसा. मी टाकला आणि बसले.

"आपण नाही गेलो तरी जहाज सुटणारच" असं तुमच्या यजमानांनी म्हटलंय. या फेरीपुरतं ते बरोबर आहे. पण नवी जहाजं बांधायची की नाही, हे आजचं बुकिंग बघून ठरतं आणि बांधलेलं जहाज तीसेक वर्षं चालतं. तुमच्या चार-पाच खोल्यांनी समुद्र वाचणार नाही हेही खरं. तरीही हा युक्तिवाद लेकीपुढे करू नका. उद्या ती परीक्षेत कॉपी करून "सगळेच करतात" म्हणाली, तर काय बोलाल?

दुसरा मोह म्हणजे तिला कोंडीत पकडणं: "विमानाने आजीला भेटायला जातेस तेव्हा?" विमानाचा धूर कमी नसतो. पण आजी विमानाच्या दुसऱ्या टोकाला असते, दुसरी वाट नाही. क्रूझ बहुतेक वेळा फिरून त्याच बंदराला येते. तिथे जाणंच मनोरंजन असतं, म्हणून पर्याय शोधायला जागा असते. पंधराव्या वर्षी हा फरक तिला नीट मांडता येणार नाही. तेवढ्यावरून ती ढोंगी ठरत नाही.

पर्याय शोधायचा तर सासू-सासऱ्यांना विचारा, जहाजच हवं होतं का? माझा अंदाज, सगळी एका छपराखाली आणि कुणालाही रांधावं लागू नये, एवढंच हवं असेल. मग समुद्रकाठी, रेल्वेने पोचता येईल असं मोठं घर आठवडाभर घ्या, जेवण बाहेरून मागवा. सगळ्यांना एकत्र यायला विमानं लागतीलच, ती लागू देत.

पण सासरे म्हणाले, आयुष्यभर जहाजावर जायची इच्छा होती, तर जा. पन्नास वर्षांतून एकदा आहे. फक्त लेकीला "काही बिघडत नाही" असं सांगू नका. बिघडतं, आणि तरी आपण आजोबांसाठी जातोय, असं सरळ सांगा. बुकिंगच्या वेळी झाडं लावायला पैसे भरा म्हणतात, त्यानेही हिशेब मिटत नाही. धूर या आठवड्यात निघतो, झाड वाढायला कित्येक वर्षं घेतं. एवढ्यावरही तिला यायचं नसेल, तर तिची सोय एखाद्या मैत्रिणीकडे करा आणि जहाजावरून तिला टोमणे मारणारे फोटो पाठवू नका.

आणि हो, सासूबाईंची समजूत तुम्ही काढायला जाऊ नका, सुनेने सांगितलं की त्याचं वेगळंच होतं. लेकीला स्वतः आजीला व्हिडिओ कॉल करू द्या. तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत जा आणि दार लावून घ्या.