एकस्फटिक टर्बाइन पात्यात ग्रेन बाउंडरीच नसते, मग ते क्रीप का होतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. निकेल सुपरअलॉयचं, म्हणजे मोठं तापमान सोसणाऱ्या मिश्रधातूचं, पातं एकाच स्फटिकाचं असेल तर ते तापल्यावर भाराखाली हळूहळू कायमचं लांबतंच का, म्हणजे क्रीप होतंच का? आणि सीएमएसएक्स-4 या एकस्फटिक सुपरअलॉयचे 750 आणि 950 अंश सेल्सिअसचे क्रीप आलेख एकाच धातूचे वाटत नाहीत, ते का? तुम्ही ऐरोलीला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात. मी तुमच्यापासून फार लांब नाही, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये क्रीपची मशीन बघतो. आमच्याकडे येतात ते बहुतेक बॉयलर ट्यूबचे नमुने, पण एकस्फटिक सुपरअलॉय हा माझा एम.टेक.पासूनचा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ग्रेन बाउंडरी, म्हणजे धातूतल्या दोन स्फटिककणांमधली सीमा, हा क्रीपचा एक मार्ग आहे. ती काढून टाकली की तिथलं सरकणं, तिथे पोकळ्या होणं आणि तिथून चीर पडणं थांबतं. पण स्फटिकाच्या आत डिस्लोकेशन, म्हणजे अणूंच्या मांडणीतले ओळीसारखे दोष, असतातच. 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. ओळीतला हा दोष एकेक पाऊल पुढे सरकतो आणि धातू कायमचा लांबतो. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून उडणाऱ्या ए320निओच्या हाय प्रेशर टर्बाइनमधलं पातं 1000 अंशांच्या वर जातं, आणि मिश्रधातू 1300 ते 1400 च्या दरम्यान वितळतो. केल्व्हिनमध्ये मोजलं तर पातं वितळबिंदूच्या ऐंशी टक्क्यांवर राबत असतं. इतक्या तापमानाला अणू सहज जागा बदलतात, त्यामुळे अडकलेलं डिस्लोकेशन पातळी बदलून, म्हणजे क्लाइंब करून, अडथळ्यावरून निघून जाऊ शकतं.

पाठ्यपुस्तकं ग्रेन बाउंडरीपाशी थांबतात, आणि माझ्या मते तिथेच विद्यार्थ्यांचं नुकसान होतं. प्रॅट अँड व्हिटनीमध्ये फ्रँक व्हर्स्नायडर यांच्या गटाने 1960 च्या दशकात एकस्फटिक पात्यांचं काम उभं केलं आणि 1982 मध्ये एकस्फटिक पाती प्रवासी विमानाच्या जेटी9डी-7आर4 इंजिनात आली. त्यातला तितकाच मोठा फायदा रसायनाचा होता. सीमा बळकट करायला घातलेले कार्बन, बोरॉन, झिर्कोनियम वितळण्याची सुरुवात लवकर करतात. सीमाच नाही म्हटल्यावर ते जवळजवळ काढून टाकता आले, आणि 1300 अंशांच्या वर सोल्यूशन ट्रीटमेंट, म्हणजे विरघळवण्यासाठीची उष्णता-प्रक्रिया, देऊन गॅमा प्राइम (ताकद देणारे निकेल-अॅल्युमिनियमचे कण) पूर्ण विरघळवून पुन्हा नीट, बारीक आणि एकसारखा पाडता आला. क्रीपची ताकद येते ती या मांडणीतून.

ही मांडणी समजली की तुमचे दोन्ही आलेख उलगडतात. धातूचा सुमारे 70 टक्के भाग गॅमा प्राइमचे घन, प्रत्येकाची बाजू अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. मधल्या फटींत साधा गॅमा, म्हणजे निकेलचा मूळ धातू. दाटीने बांधलेल्या चाळींमधल्या अरुंद बोळांसारखी ही रचना असते, आणि डिस्लोकेशनला या बोळांतून वाकून जावं लागतं. वाकायला किती ताण लागतो, हे ओरोवानच्या सूत्राने काढता येतं. शिअर मॉड्युलस 50 गिगापास्कल, बर्गर्स व्हेक्टर (एक डिस्लोकेशन गेल्यावर अणू जेवढे सरकतात ते अंतर) 0.25 नॅनोमीटर, बोळाची रुंदी 60 नॅनोमीटर धरा. मॉड्युलस गुणिले व्हेक्टर भागिले रुंदी, आणि त्याला 0.82 ने गुणलं की साधारण 170 मेगापास्कल शिअर, म्हणजे सरकवणारा, ताण येतो. आता 950 अंशांना 185 मेगापास्कलची चाचणी घ्या. श्मिड फॅक्टर, म्हणजे बाहेरच्या ताणाचा सरकण्याच्या प्रतलावर येणारा वाटा, 0.41; म्हणून शिअर ताण जेमतेम 75. या हिशेबाने नमुना लांबायलाच नको, पण लांबतो.

उरलेला ताण मिसफिटमधून, म्हणजे दोन जाळ्यांच्या मापातल्या फरकातून, येतो. या मिश्रधातूत गॅमा प्राइमची जाळी गॅमाच्या जाळीपेक्षा किंचित लहान असते. फरक 0.2 टक्के धरला तरी गॅमाच्या पातळ थरात दोनशेएक मेगापास्कल अंतर्गत ताण बसतो. ओढण्याच्या दिशेला काटकोनात असलेल्या आडव्या बोळांत तो बाहेरच्या भारात मिळतो, उभ्या बोळांत त्याच्या विरुद्ध जातो. आडव्यांत मिळून शिअर 160 च्या घरात पोचतो. आकडे ढोबळ आहेत, पण डिस्लोकेशन आधी आडव्या बोळांत का शिरतात हे त्यांतून दिसतं. मला हा हिशेब पहिल्यांदा जुळला तेव्हा फार आनंद झाला होता. तुम्हीही कागदावर करून बघा.

इथूनच राफ्टिंग, म्हणजे घनांचे थर होणं, सुरू होतं. आडव्या बोळांतला ताण सैल झाला की अणू विसरणाने उभ्या बोळांकडून हलतात, घन एकमेकांना आडवे जोडले जातात आणि फळ्यांसारखे थर होतात. 1050 च्या वर हे फार वेगाने होतं. सुरुवातीला ते फायद्याचं असतं, कारण उभे मार्ग बंद होतात आणि थरांच्या सीमेवर डिस्लोकेशनचं जाळं बसून वेग घसरतो. मग काही काळाने डिस्लोकेशन थर कापू लागतात, आणि त्यानंतर नमुना फार टिकत नाही.

750 अंशांना चित्र वेगळं असतं. क्लाइंब नगण्य, भार मात्र 700-800 मेगापास्कल. इथे डिस्लोकेशन गॅमा प्राइममध्ये शिरतात. ते सुव्यवस्थित निकेल-अॅल्युमिनियम असल्यामुळे साधं डिस्लोकेशन मागे चुकीची मांडणी ठेवून जातं, म्हणून ते जोडीने जातात. दुसरं पहिल्याची मोडलेली मांडणी सावरतं. तापमान वाढलं की जोडीचा एक भाग दुसऱ्या प्रतलावर सरकून अडकतो. याला केअर-विल्सडॉर्फ लॉक म्हणतात. त्यामुळेच गॅमा प्राइमची ताकद तापमानासोबत सुमारे 800 अंशांपर्यंत वाढत जाते. मोठ्या भाराखाली मात्र वेगवेगळी डिस्लोकेशन एकत्र येऊन ए<112> प्रकारच्या (नाव स्फटिकातल्या सरकण्याच्या दिशेवरून) रिबन बनतात आणि स्टॅकिंग फॉल्ट, म्हणजे अणूंच्या थरांचा चुकलेला क्रम, मागे सोडत घन कापत जातात. सुरुवातीलाच काही टक्के ताणण होतं, तुमच्या आलेखाच्या डाव्या टोकाची ती उडी म्हणजे हीच.

950 च्या आलेखात मात्र पाठ्यपुस्तकातला सपाट, स्थिर वेगाचा टप्पा शोधत बसू नका. डिस्लोकेशन वाढत जातात तसा वेगही वाढत जातो, म्हणजे जवळपास पूर्ण आलेख तिसऱ्या टप्प्याचाच असतो. तिथे जबरदस्तीने नॉर्टनचं समीकरण (स्थिर क्रीप वेग ताणाच्या घातात मांडणारं) बसवलेले प्रोजेक्ट रिपोर्ट मी पाहिले आहेत. त्यांतला घातांक काहीही सांगत नाही.

मिश्रधातूत घालतात त्या ऱ्हेनियम या धातूबद्दल थोडक्यात. सीएमएसएक्स-4 मध्ये तो 3 टक्के आहे, तिसऱ्या पिढीत 6 च्या आसपास. निकेलमध्ये तो फार मंद गतीने सरकतो, मुख्यतः गॅमात राहतो, आणि त्यामुळे क्लाइंबही मंदावतो. जास्त घातला तर टीसीपी नावाच्या ठिसूळ फेज तयार होतात.

आपल्याकडे हे काम हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेत होतं. 2021 मध्ये त्यांनी हेलिकॉप्टर इंजिनासाठी 60 एकस्फटिक पाती एचएएल या विमान बनवणाऱ्या सरकारी कंपनीला दिली. पुढच्या शिक्षणाचा विचार असेल तर तिकडे लक्ष ठेवा.

एक काम मात्र आजच करा. तुमच्याकडच्या आकड्यांसोबत नमुन्याचा अक्ष [001] या स्फटिकाच्या दिशेपासून किती अंश कललेला होता, हे दिलंय का ते तपासा. 750 ला थोड्या कलानेही सुरुवातीचं ताणण कितीतरी पटींनी बदलतं, कारण ए<112> ची एकच स्लिप सिस्टिम (सरकण्याचं प्रतल आणि दिशा) पुढे धावते. कल दिलेला नसेल तर दोन नमुन्यांच्या 750 च्या आलेखांची तुलना करू नका. 950 च्या आलेखांना याचा त्रास बराच कमी होतो, तेवढे वापरता येतील.