पाण्याची पातळी ऐकली की ती हरवते

प्रश्न : २०१९च्या महापुरात आमच्या सांगलीच्या घराचा तळमजला पूर्ण पाण्यात होता. मी कामानिमित्त बाहेरगावी अडकलो होतो. बायको, लहान मुलगा आणि माझी आई गच्चीवर होत्या. बोटीत चढताना मुलगा हिच्या हातातून निसटला. लगेच कुणीतरी धरला, त्याला काही झालं नाही. त्यावर ती आजवर एक शब्द बोललेली नाही. २०२१ला पुन्हा पाणी आलं आणि त्यानंतर हे सुरू झालं. पावसाळ्यात ती एकटक बघत राहते, हाक मारली तरी ओ देत नाही. परवा वास आला म्हणून मुलगा स्वयंपाकघरात गेला, तर दूध करपून पातेलं काळं झालेलं आणि ही ओट्यासमोर उभी. कधी म्हणते, ‘हे हात माझे वाटत नाहीत.’ मुलाला शाळेतून आणते, पण आणल्याचं तिला आठवत नाही. रात्र रात्र मोबाइलवर पातळी बघत बसते. एमआरआय, ईईजी नॉर्मल आहेत. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आहे. आई म्हणते बाहेरचं आहे, मेहुणा म्हणतो नाटकं आहेत. मी तिला सांगतो, एकदा सगळं बोलून मोकळी हो. घर विकून टाकावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी मेहुण्यांचं बघू. नाटक करणारा समोर कोण आहे ते बघून करतो. दूध करपत होतं तेव्हा स्वयंपाकघरात कोण होतं? त्यांना एवढंच विचारा.

मी मूळची मिरजेची. ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती, हा प्रश्न आपल्याकडे पावसाळ्यात ‘जेवलात का’ इतक्या सहज विचारला जातो. ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. म्हणून तुमच्या पत्नीचं मोबाइल बघणं मी वेडेपणात काढणार नाही. पण रात्रभर बघूनही जीव शांत होत नाही, उलट पुढच्या आकड्याची धाकधूक वाढते, तेव्हा ती चिंता आजाराच्या घरात गेलेली असते. आकडा ऐकल्यावर किंवा गाळाचा वास आल्यावर शरीर पुन्हा गच्चीवर जाऊन उभं राहतं, तो आघाताचा भाग. आणि ओट्यासमोर ती होती पण नव्हती, हात परके वाटतात, शाळेची फेरी आठवत नाही, याला डिसोसिएशन म्हणतात, म्हणजे शरीर इथे असताना जाणीव तुटून बाजूला होणं. तीन वेगळे आजार समजून तीन डॉक्टर शोधू नका, मूळ एकच दिसतं.

संकटात माणूस पळतो किंवा भिडतो. चहूकडे पाणी असताना गच्चीवरून पळणार कुठे आणि भिडणार कुणाशी? अशा वेळी मन जाणीवच मंद करतं. लोड वाढला की फ्यूज उडतो, तसं. त्या दिवशी त्याने तिला तारलं. अडचण ही की आता नुसत्या आकड्यालाही तेच होतं. फ्रेंच डॉक्टर पिएर जाने यांनी १८८९मध्ये यावर सविस्तर लिहिलं होतं, म्हणजे हे काही मोबाइलच्या जमान्याचं खूळ नाही.

एक वैद्यकीय गोष्ट राहिली आहे. एकदा काढलेला ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल आला म्हणून फिट्सची शक्यता पुसली जात नाही. पुढच्या वेळी तिची हरकत नसेल तर मोबाइलवर चित्रण करा आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. व्हिडिओ ईईजी लागेल की नाही ते सांगतील.

झोपेची गोळी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामच्या जातीची असेल तर मला ती पटत नाही. झोप लागते, पण आघाताच्या आजारावर त्याने काम होत नाही, सवय लागते आणि आधीच बधिर झालेलं माणूस आणखी बधिर होतं. मात्र माझं वाचून गोळी उद्यापासून बंद करू नका. अचानक तोडली तर त्रास होतो, फिटही येऊ शकते. मानसोपचारतज्ज्ञ ती हळूहळू उतरवतील, गरज वाटली तर सर्ट्रालिनसारखं औषध देतील.

आता ‘बोलून मोकळी हो’बद्दल. हा सल्ला प्रेमाने दिला जातो आणि तो चुकीच्या वेळी दिला जातो. आपत्तीनंतर एकाच बैठकीत सगळं बोलायला लावायची पद्धत जगभर चालायची. त्याने पुढचा आजार टळत नाही असं अभ्यासांत दिसलं. जिचं भान सुटतं तिला थेट बोटीपाशी नेलं तर भान पुन्हा सुटेल. म्हणून थेरपीत पहिले काही आठवडे पुराचा विषयही निघत नाही. आधी इथे, या खोलीत टिकायला शिकवतात : पाय फरशीला लावणं, समोरच्या पाच वस्तूंची नावं घेणं, तीव्र वास घेणं. पुष्कळ ठिकाणी तोंडावर गार पाणी मारायला सांगतात. तिच्या बाबतीत पाणी नको! लिंबाची फोड द्या, कॉफीची बाटली नाकाशी धरा. मागून धरून हलवू नका. समोर बसून सपाट आवाजात सांगा, ‘आज मंगळवार आहे, आपण स्वयंपाकघरात आहोत, मुलगा आत अभ्यास करतोय.’ भानावर आल्यावर ‘काय झालं होतं’ म्हणून उलटतपासणी नको.

ते जमू लागलं की मग बोट. माझा अंदाज आहे, तिच्या डोक्यात ‘मुलगा निसटला’ असं नसून ‘मी हात सोडला’ असं असेल. ते प्रसंगाकडे थोडं थोडं परत जाऊन सोडवावं लागतं. त्यासाठी एक्सपोजरची, म्हणजे थेरपिस्टच्या आधाराने त्या आठवणीला पुन्हा पुन्हा सामोरं जायची पद्धत आहे. ईएमडीआर आहे, त्यात नजर डावी-उजवीकडे फिरवत ती आठवण हाताळतात. फ्रान्सिन शपिरो यांनी ईएमडीआरचा पहिला अभ्यास १९८९मध्ये प्रसिद्ध केला. एक्सपोजरची सत्रं साधारण ८ ते १५, प्रत्येक दीड तासाचं. भान सुटणाऱ्या माणसाला जास्त लागतात. आणि एक विचारू? तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हता. तिने बोलावं ही गरज तिची किती आणि तुमची किती, हे स्वतःशी बघा. थेरपिस्टला एकदा तुम्हीही भेटलात तर बरं.

आईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या तर ओवाळू दे. पण भूत उतरवायच्या नावाखाली कुणी मारहाण, कोंडणं, मिरचीची धुरी असलं काही सुचवलं तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, हे घरात स्पष्ट सांगा. आणखी एक. आईही त्याच गच्चीवर होत्या. त्यांना झोप लागते का, हे कुणी विचारलंय?

जायचं कुठे? सुरुवात १४४१६ या टेलिमानसच्या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीत बोलून करा, किंवा सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत. खासगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी विचारा. आणि हेही विचारा, ‘सत्रात ती हरवली तर तुम्ही काय कराल?’ नीट शिकलेला माणूस या प्रश्नावर रागावत नाही. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी वाचा. २०१७च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायचं बंधन कंपन्यांवर आहे.

घर या पावसाळ्यात विकू नका. उपचार सुरू होऊन ती स्वतः बोलू लागली की दोघांनी ठरवा. कदाचित विकालही, त्यात हार नाही. तोवर तिचा मोबाइल काढून घेऊ नका. कृष्णेला पूर येतो, ते तिच्या मनाचे खेळ नाहीत. पातळी बघायचं काम तुम्ही घ्या, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. ४० फूट ही इशारा पातळी. त्याच्या किती आधी निघायचं, कुणाकडे जायचं, गाडीत काय भरायचं, मुलाचा हात कोण धरणार, हे तिच्यासोबत बसून कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजवर लावा.