बत्तीस पॉइंट एकवरून एकतीस पॉइंट तीन

“मॅडम, बत्तीस पॉइंट एकचं एकतीस पॉइंट तीन झालं. म्हणजे उतरलं म्हणायचं का?”

काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी मुलीचे दोन केसपेपर काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी लावले. पहिल्यावर ‘एफ ३२.१’, आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेल्यावर ‘एफ ३१.३’. एफ म्हणजे फिमेल, असा त्यांचा समज.

काकू गप्प होत्या. मुलगी, वय सव्वीस, बाहेर बाकावर.

“रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. मग आजार ठरवतात कशावरून, तोंड बघून? आणि एकाच पोरीला दोन आजार कसे? पहिले डॉक्टर चुकले ना?”

हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकावा लागतो की आता त्याचा राग येत नाही. प्रश्न रास्तच आहे. आधी सांगून टाकलं, की निदान मी करत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम. पण कागद वाचायला मदत करते.

आकड्यांचं कोडं लगेच सुटलं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची एक यादी आहे, आयसीडी. तिच्या दहाव्या आवृत्तीत मनाच्या आजारांना एफ हे अक्षर दिलंय. ३२ म्हणजे नैराश्याचा झटका, पॉइंट एक म्हणजे मध्यम. ३१ म्हणजे बायपोलर, कधी नैराश्य तर कधी उलट अति उत्साह असा आजार, पॉइंट तीन म्हणजे सध्या सौम्य किंवा मध्यम नैराश्य. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, तिच्यात मनाच्या आजारांना एफ नाहीच. पण जुने आकडे अजून केसपेपरवर दिसतात. “म्हणजे रूट नंबर,” काका म्हणाले. “ताप नाही.” मला ही उपमा सुचली नसती.

रक्ततपासणी थायरॉइडसाठी होती. थायरॉइड मंदावलं तरी माणूस मलूल होतो, म्हणून आधी ते बाजूला काढायचं. नैराश्य किंवा बायपोलर दाखवणारी रक्ताची चाचणी नाही. लक्षणं कोणती, किती दिवस, कामधंद्यावर, झोपेवर, जेवणावर काय परिणाम, यावरून ठरवतात. पूर्वी यात फार सैलपणा होता. १९७०च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनच्या डॉक्टरांची तुलना झाली, तेव्हा लंडनवाले ज्यांना मूडचा आजार म्हणत, अशा बऱ्याच जणांना न्यूयॉर्कवाले स्किझोफ्रेनिया म्हणत असल्याचं दिसलं. १९८० साली अमेरिकी मनोविकार संघटनेने आपल्या निदानाच्या पुस्तकात नेमके निकष आणि मुदती घातल्या, त्यामागे अशा गोंधळाचाही हात होता.

म्हणजे माहिती देणाऱ्यावर बरंच अवलंबून. म्हणून मी काकूंकडे वळले. “पहिल्या डॉक्टरांनी विचारलं होतं का, की ही कधी उलट, फार उत्साहात होती?”

“विचारलं होतं. आम्ही नाही म्हणालो.” मग थांबून, “दुसऱ्यांकडे सहज बोलता बोलता माझ्या तोंडून चकल्यांचं निघालं.”

आदल्या वर्षी भाऊबीज झाली, पाहुणे गेले आणि हिने रात्री तीनला चकल्या तळायला घेतल्या. अख्ख्या चाळीला वाटल्या. अकरा साड्या मागवल्या. झोप दोन तास, तरी दिवसभर ताजीतवानी. “आम्हाला वाटलं, पोरगी खूश आहे. खुशीला कोण आजार म्हणतं?”

“किती दिवस?”

काकूंना सांगता येईना. मग म्हणाल्या, नव्या कॅलेंडरखाली जुनं अजून टांगलेलंय, दुधाचा हिशेब त्यावरच असतो. पुढच्या भेटीला ते पान घेऊन आल्या. भाऊबीजेनंतर ओळीने सहा चौकटींत ‘अर्धा जादा’. रात्रभराच्या चहाचं दूध.

अशा अति उत्साहाच्या सौम्य टप्प्याला हायपोमेनिया म्हणतात. तसं म्हणायला अमेरिकी निकषांत सलग चार दिवस लागतात. पान बघून मी म्हटलं, “हे डॉक्टरांना दाखवाच.” पहिले डॉक्टर चुकले असं मला वाटत नाही. त्यांच्यासमोर मांडलेल्या हकिकतीला ३२.१ हेच नाव बसत होतं. नाव बदललं हे मात्र बरं झालं, कारण बायपोलरमध्ये नुसती नैराश्याची गोळी माणसाला कधी कधी उलट्या टोकाला नेऊ शकते. दुसऱ्या डॉक्टरांनी औषध बदललं ते म्हणून. ते आपल्या मनाने सोडायचं नाही, हे दोनदा बजावलं.

“पण हे कागदावर आलं, आता वेडी म्हणून शिक्का...” काकांनी वाक्य अर्धवट सोडलं.

२०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा याच भीतीबद्दल बोलतो. निदान झालं एवढ्यावरून माणूस ‘अस्थिर मनाचा’ ठरत नाही, ते ठरवायला न्यायालय लागतं. आणि ही माहिती गोपनीय ठेवायचा हक्क रुग्णाला आहे. लग्नाच्या बैठकीत लोक काय म्हणतील, हे मात्र कुठला कायदा थांबवणार? त्यावर तिच्याशीच बोलायचं ठरलं. तिला आत बोलावलं. दोन्ही कागद तिने पहिल्यांदाच नीट वाचले.

झोपेचे तास रोज लिहायला सांगितले. कॅलेंडरच्या चौकटीकडे बघत तिने आईला विचारलं, “दुधाच्या वर लिहू की खाली?”