शेजारशेजारची खेडी मिळून एक शहर होतं, असं आपल्याकडे कुठे घडलंय का?

लांब कशाला जाताय, कोल्हापूरच बघा. जुनं कोल्हापूर म्हणजे ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर अशा सहा वस्त्या. पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी त्यांतली फार जुनी. १९४५-४६ च्या उत्खननात तिथे सातवाहनकाळातली वस्ती सापडली. पुढे अंबाबाईच्या देवळाभोवती घरं दाटत गेली आणि मधली रानं भरली. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी आता शाहू स्टेडियम आहे. उत्तरेश्वरातून शनिवार पेठेत चालत जाताना गाव कुठं बदललं ते कळायचं नाही. तालीम, म्हणजे पेठेतला कुस्तीचा आखाडा, बदलली की मात्र लगेच कळतं!

नगरपालिका १८५४ ची, महापालिका १९७२ ची. पण सहा वस्त्या पोटात घेतलेल्या या शहराची हद्द महापालिका झाल्यावर चार दशकं उलटली तरी ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिली. हद्दवाढीचा विषय निघाला की शहरात कृती समिती, गावात विरोधी कृती समिती, इकडे मोर्चा, तिकडे गाव बंद. २०१७ साली हद्दवाढीऐवजी ४२ गावांसाठी वेगळं नागरी विकास प्राधिकरण काढलं, म्हणजे दोन्हीकडचे नाराज.

प्रत्यक्षात पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव ही गावं शहराला कधीच चिकटलीत. माणसाचं दुकान शाहूपुरीत, पोरं राजारामपुरीत शिकायला, येणं-जाणं केएमटीनं, म्हणजे महापालिकेच्या बसनं, आणि घरफाळा (घरपट्टी) मात्र ग्रामपंचायतीत. शहरवाले म्हणतात, सोयी आमच्या वापरता मग या की आत. गाववाले म्हणतात, घरफाळा वाढणार, रानावर आरक्षण पडणार, आणि आज सरपंचाला दारात गाठता येतं, तिथं उद्या एका नगरसेवकामागं फिरायचं. सरपंचकी जाण्याची धास्ती पुढाऱ्यांना असते हे खरंच, पण आरक्षणाची भीती निव्वळ राजकारण नव्हे. ज्याचं सगळं मिळून दीड एकर ऊस आहे, त्याच्या सातबाऱ्यावर बागेचं नाहीतर रस्त्याचं आरक्षण पडलं की ना धड विकता येतं, ना बांधता येतं.

मला विचाराल तर हद्दवाढ व्हावी. पण आधी महापालिकेनं हद्दीतल्याच उपनगरांत पुरेशा दाबानं पाणी द्यावं. आपटेनगरातल्या पाहुण्याकडे टँकर उभा दिसला, की कळंब्याचा माणूस कशाला आत येतोय?