आधी उतार, मग उधारी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा पिरनवाडीच्या चौकात तू नवी सायकल दाखवलीस आणि म्हणालीस, "काका, येत्या रविवारी गोव्याकडचा चोर्ला घाट उतरून येणार." मी नुसतं "बरं" म्हणालो. चहावाल्यासमोर तुला अडवणं बरं दिसलं नसतं. पण घरी आल्यावर काही केल्या डोळा लागेना, म्हणून आज कागद घेऊन बसलोय.

"उतरून येणार" या तुझ्या शब्दांतच सगळी गोम आहे. कोकणातली पोरं सकाळी ताज्या पायांनी घाट चढतात आणि घरी जाताना आरामात उतरतात. आपलं उलटं. आपण बेळगावची, माथ्यावरची माणसं, आपलं घरच साडेसातशे मीटरवर. उतार आधी मिळतो, तोही फुकट, आणि चढ दुपारी, पायांतला जोर संपल्यावर. वाण्याकडून उधारीवर माल आणावा तसं हे आहे. आणताना पिशवी हलकी वाटते.

मी ही उधारी फेडलेली नाही, म्हणून सांगतोय. पंचेचाळिशीत होतो, एप्रिलचा महिना. एका मित्राबरोबर चोर्ल्याहून थेट घाटाखालच्या, गोव्यातल्या केरीपर्यंत गेलो. अंजुणे धरणाचं पाणी दिसलं तसे दोघंही लहान पोरांसारखे ओरडलो. मग नाश्ता, मग गप्पा, आणि परत फिरलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. जवळजवळ सातशे मीटर परत वर यायचं होतं, ते त्या उन्हात, दोन बाटल्या पाण्यावर. चौथ्या-पाचव्या वळणावर मांडीत असा गोळा आला की सायकल टाकून मी रस्त्याकडेला आडवाच झालो. शेवटी एका टेम्पोवाल्याने उचललं. काजूच्या पोत्यांवर माझी सायकल आणि सायकलीशेजारी मी. बोंडांच्या त्या आंबूस वासाने अजून पोटात ढवळतं. घरी बायकोला "चेन तुटली" म्हणून सांगितलं होतं. तू सांगू नकोस.

तेव्हा पहिल्या खेपेला घाट उतरायचाच नाही. कणकुंबीपर्यंत जा आणि फीर. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास होतं, तेवढं पुरे. पिरनवाडीहून किणये, कुसमळीला मलप्रभेवरचा पूल, मग जांबोटी. जांबोटीच्या पुढे झाडी अंगावर येते आणि गाव विरळ होत जातं. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी सायकल टेकव आणि जरा बस. मलप्रभा इथेच उगम पावते, 792 मीटरवर. तिचं पाणी पूर्वेला जातं, कूडलसंगमाला कृष्णेत मिळतं आणि बंगालच्या उपसागरात पोचतं. जवळचाच कळसा नाला मात्र पश्चिमेला वळतो, म्हादई नदीत शिरतो आणि गोव्याच्या समुद्राला मिळतो. एकाच ढगाचं पाणी दोन समुद्रांना. याच पाण्यावरून राज्याराज्यांत जुनं भांडण आहे. 2018 साली लवादाचा निकाल आला, तरी ते मिटलेलं नाही. तू आपली बाटली भर आणि घरची वाट धर.

रविवार मात्र सोड. शनिवार-रविवार त्या रस्त्यावर गोव्याला पळणाऱ्या गाड्यांची रांग असते, आणि वळणावर ओव्हरटेक करणाऱ्याला सायकल दिसतच नाही. मधला वार धर. पहाटे सव्वापाचला निघालीस तर जांबोटीपर्यंत दूधवाल्यांशिवाय कोणी भेटत नाही. अंधारात मागचा लाल दिवा पेटता ठेव, आणि धुकं असेल तर भर दिवसाही.

आता सायकलीबद्दल. तू चहा घेत होतीस तेव्हा मी वाकून तुझ्या मागच्या चक्राचे दाते मोजले. मोठ्यात मोठं चक्र 28 दात्यांचं. सपाटीला ठीक, घाटाला नाही. 32 किंवा 34 चं बसवून घे. पैसे जातील, पण गुडघे राहतील. कमी गिअरमध्ये पाय भरभर फिरवणं म्हणजे हार नव्हे. उद्यमबागेतल्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढली मी. कठीण धातू एकाच काटात उतरवायला गेलं की टूल तुटतं, थोडंथोडं घ्यावं लागतं. चढही तसाच कापायचा. बोलता येईल इतकाच दम लागू द्यायचा. बोलणं तुटायला लागलं की एक गिअर खाली.

चढापेक्षा मला भीती तुझ्या उताराची वाटते. तुझे ब्रेक रिमवर घासणारे आहेत. लांब उतारावर ते धरून ठेवलेस तर रिम तापते, आतली हवा फुगते आणि ट्यूब फुटू शकते. खोटं वाटत असेल तर राजहंसगडावर करून बघ. गड येळ्ळूरजवळच आहे, चढ लहान पण छातीवर येणारा. वर जा, पूर्ण उतार ब्रेक दाबून ये आणि खाली थांबून रिमवर बाटलीतलं थेंबभर पाणी सोड. तव्यावर शिंपडल्यासारखं चर्र झालं तर समजायचं. हात लावू नकोस, मी लावलाय. मग दुसऱ्यांदा उतर, या वेळी नीट. वळणाच्या आधीच, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक दाबायचे, वेग पाडायचा आणि वळणात सोडून द्यायचे. वळण संपलं की पुन्हा. दाब, सोड, दाब, सोड. बाहेरचा पाय खाली, त्याच्यावर भार. नजर समोरच्या खड्ड्यावर नको, जिथे जायचं तिथे. खड्ड्याकडे बघितलं की सायकल खड्ड्यातच जाते, हे शंभर वेळा अनुभवलंय. राजहंसगड दहादा असा चढून-उतरून झाला, की मग चोर्ल्याचं बोलू.

तोवर शांत रस्ते कमी आहेत का? संध्याकाळी दोन तास असतील तर हिंडलग्याकडून बेळगुंदी, तिथून राकसकोप. मार्कंडेयवरचं हे धरण म्हणजे आपल्या शहराच्या नळाचं पाणी. बेळगुंदीच्या बाजूला रताळ्याचे वेल आणि भाताची खाचरं, मध्ये एखादी म्हैस, बास. पुढे तुडये गाठलंस की महाराष्ट्र लागतो. पाट्यांची लिपी बदलते, भात तोच. आपल्या सीमाभागाचं सगळं राजकारण त्या एका पाटीत मावतं, पण ते असो. मला विचारशील तर आयुष्यभर हाच एक रस्ता दिला तरी मी चालवीन.

तिलारीचा घाट अरुंद आणि फार खडा आहे, यंदा त्याचं नाव काढू नकोस. आंबोलीला पावसाळ्यात गर्दी फार.

खानापूरहून हेम्माडग्यामार्गे अनमोडला जाणारा रस्ता भीमगडच्या जंगलातून जातो. 2011 साली ते अभयारण्य झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटर. तिथल्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं, फार दुर्मिळ प्राणी आहे तो. तुला ते दिसणार नाही, गवा दिसेल. गवा रस्त्यात उभा असला तर घंटी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, फोटोसाठी पुढे तर अजिबात सरकायचं नाही. थांबायचं. तो जाईपर्यंत अर्धा तास गेला तर जाऊ दे. अस्वलंही आहेत. म्हणून त्या रस्त्याला एकटीने नाही, सोबतीने, आणि उजेड आहे तोवर बाहेर. हे बाईमाणूस म्हणून नाही म्हणत, मीही एकटा जात नाही.

पावसाळ्यात जायचा मोह तुला होणारच, मलाही होतो. वारा पश्चिमेचा असतो. जाताना तोंडावर झोडपतो, येताना पाठीवर हात ठेवून ढकलतो, तेवढीच उधारीत सूट. पण रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं आणि कुजलेली पानं साबणासारखी निसटतात, तेव्हा कडेपासून हातभर आत चालव. उतरून उभी राहिलीस की जळवा मोज्यातून आत जातात. मिठाची पुडी ठेव.

पंक्चर काढता येतं तुला, हे बघितलंय. एकच जोड देतो. फुटलेल्या ट्रकटायरमधल्या बारीक पोलादी तारा रस्त्यावर पडलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि नवी ट्यूब घातली की पाच मिनिटांत तिलाही टोचतात. टायर आतून बोटाने हळूच चाचपायचा, तार लागली की चिमट्याने उपसायची. बायकांचा भुवयांचा चिमटा यासाठी एक नंबर. मी घरातला पळवला होता, त्यावरूनही बोलणी खाल्ली.

खायला केळी, चिक्की, आणि मीठ-साखरेचं पाणी. भूक लागायच्या आधी खायचं, दर पाऊण तासाने. बेळगावचा कुंदा परत आल्यावर.

आणि बोलायला लाजू नकोस. खानापूर तालुक्यातल्या खेड्यांत "पाणी मिळेल काय, मावशी?" पुरतं. पूर्वेला गोकाकच्या अंगाला गेलीस तर "अण्णा, नीर ऐतेन्री?" म्हण. घाट उतरून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात "उदक आसा?" असं विचार. तिन्हीकडे तांब्या भरूनच येतो. वर "कुठनं आलीस, एवढ्या लांब सायकलवर?" हा प्रश्न तिन्ही भाषांत येतो, त्याला दहा मिनिटं धरून ठेव.

येत्या मंगळवारी सव्वापाचला पिरनवाडीच्या त्याच चौकात मी उभा राहतो. कणकुंबीपर्यंतच. केळी मी आणतो, पंप तू आण, माझ्या पंपाचा वॉशर गेलाय.

तुझा,
काका